धुवायचे आहेत, जपून

मराठीतल्या एका साध्यासुध्या घरगुती क्रियापदानं माझी, माझ्या मुलीची आणि थोड्या अंशानं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची अब्रू पणाला लावली होती, असं मी म्हटलं की आमची ही लगेच म्हणते, "झालं! बसले घोड्यावर!" हिच्या मते मला ताप आला तरी मी तो दोन डिग्री वाढवूनच सांगतो. तेव्हा हिचं सोडा. तुम्ही ऐका आणि काय ते तुम्हीच ठरवा.

आमची शाल्मली सैन्यात डॉक्टर आहे. कॅप्टन शाल्मली हिबारे. तिची नेमणूक दक्षिण सुदानमधल्या शांतिसेनेच्या इस्पितळात झाल्याचं कळलं त्या दिवशी बेंगळूरमधल्या चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत दिवाळी होती. समोरचे मल्लाप्पा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, नेसत्या लुंगीनिशी धावत आले. मल्लाप्पांना सल्ला द्यायला विषय लागत नाही, फक्त माणूस लागतो. म्हणाले, "अण्णा, तिकडं सिंह असतात. पोरीला छत्री द्या. सिंहाच्या तोंडासमोर छत्री फटकन उघडली की तो पळतो." मी म्हटलं, मल्लाप्पा, ती इस्पितळात असणार आहे. तर म्हणे, "मग लहान छत्री द्या."

पण शाल्मलीनं छत्री मागितली नाही. तिनं काय मागितलं, तर माझा कॅमेरा! रोलचा! कपाटावर ट्रंकेत झोपलेला, काळा, विटेएवढा जड. "अप्पा, तिकडं मोबाइलचे फोटो काय, सगळेच काढतात. मला रोलवर काढायचेत. तुमचा कॅमेरा देता?" अहो, मला काय झालं ते कसं सांगू! सबंध आयुष्यात माझ्या छायाचित्रणाला घरातून मिळालेली ही पहिली दाद. एरवी माझ्या फोटोंबद्दल हिचं एक ठरलेलं वाक्य आहे: "ह्यांच्या फोटोत माणसं दागिन्यांवरून ओळखायची." काही लग्नांत नवरानवरीची डोकी चौकटीबाहेर राहिली, हे मला मान्य आहे. पण हारांचे तपशील बघा, एक एक पाकळी मोजून घ्या.

मी कामाला लागलो. कॅमेरा पुसला, पट्टा बदलला, नवे रोल मागवले आणि फ्रीजमध्ये ठेवले. रोल थंडाव्यात ठेवायचे असतात हे हिला कोण सांगणार? रोज सकाळी, "अहो, तुमचे रोल माझ्या आल्या-लसणावर बसलेत," आणि रोज संध्याकाळी, "अहो, तुमच्या रोलांना आल्या-लसणाचा वास लागलाय." त्यात भर म्हणून अद्वैत. अद्वैत म्हणजे हिच्या पुण्याच्या बहिणीचा मुलगा. इथं संगणकाच्या कंपनीत लागलाय आणि आमच्या वरच्या खोलीत राहतो. गुणी पोरगा, पण डोळ्यांसमोर रोल बघून विचारतो, "काका, यात मेमरी किती असते?"

रोलचा खरा शत्रू म्हणजे विमानतळावरचं क्ष-किरणांचं यंत्र. त्यातून रोल गेला की चित्रावर धुकं चढतं, असं मी वाचलं होतं. त्यावर उपाय शिशाची पिशवी. आता मल्लाप्पांच्या सल्ल्यांपैकी कामाला आलेला हा पहिलाच सल्ला: जुन्या टेलिफोनच्या तारांवर शिशाचं वेष्टण असायचं आणि त्याचं एक अख्खं भेंडोळं त्यांच्या माळ्यावर पडून होतं. का, ते मी विचारलं नाही. ते वेष्टण आम्ही दोघांनी ठोकून ठोकून सपाट केलं. चामराजपेट-चिकपेटमध्ये शिंपी पैशाला पासरी, पण शिसं शिवायला एकजण तयार होईना. शेवटी एका चांभाराकडून जाड दोऱ्यानं शिवून घेतलं. पिशवी झाली. उचलताना कंबर धरावी लागायची, पण झाली.

शाल्मली गेली. तिनं वरिष्ठांची रीतसर परवानगी काढली. कुंपण, गाड्या, हत्यारं यांतलं काही टिपायचं नाही. माणसं आणि नदी मात्र खुशाल टिपा, असा हुकूम मिळाला. आणि मग तिचे निरोप येऊ लागले. काय सांगत होती पोरगी! नाईल नदीत वाहत जाणारी गवताची बेटं, खांद्याला खांदा लावून उभे राहणारे ताडमाड उंच लोक, हातभर शिंगांच्या गाई. आणि या सगळ्यात एक आजी. न्यानडेंग तिचं नाव.

ही न्यानडेंगआजी हाताचं हाड मोडून इस्पितळात आली होती. प्लास्टर घातल्यावर शाल्मलीनं तिचा फोटो काढला. आजी म्हणाली, दाखव. शाल्मलीनं दुभाष्याकरवी सांगितलं की फोटो आत आहे, तो माझ्या वडिलांच्या गावाला, बंगलोरला जाणार आणि तिथून कागदावर होऊन येणार. आजीनं कॅमेऱ्याच्या पाठीवर बोट फिरवून बघितलं, विचार केला आणि मान डोलावली. तेव्हापासून ती रोज इस्पितळाच्या फाटकाशी यायची आणि एकच शब्द विचारायची: "बंगलोर?"

"अप्पा, तिचा मुलगा लढाईत ताटातूट होऊन फार लांबच्या छावणीत आहे," शाल्मलीनं सांगितलं. "कुणीतरी त्याला सांगितलंय की आई गेली. तिला तो फोटो त्याला पाठवायचाय, प्लास्टरच्या हातासकट. पुराचं पाणी ओसरलं की ती आपल्या माणसांबरोबर गावाकडं निघणार. मग ती मला कुठं सापडायची नाही."

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "शाल्मली, हा वासुदेव हिबारेचा शब्द आहे." हिनं मागून हळूच म्हटलं, "अरे देवा."

रोल घेऊन यायचे होते मेजर भीमसेन. धारवाडचे. सुट्टीवर येताना बेंगळूरला उतरणार होते. मी देवनहळ्ळीच्या विमानतळावर दोन तास आधीच जाऊन कठड्याला टेकून उभा राहिलो. विमान उतरलं. माणसं बाहेर आली, त्यांच्या बॅगा आल्या, विमानातले कर्मचारीसुद्धा हसत हसत बाहेर आले, पण मेजरसाहेबांचा पत्ता नाही. मग मेजरांच्या नंबरावरून माझा फोन वाजला. पलीकडे तपासणी अधिकारी.

"सर, इस थैली में क्या है? मशीन में सिर्फ काला दिख रहा है."

मी आनंदानं ओरडलो, "काला दिख रहा है? पूरा काला?" पिशवी यशस्वी झाली होती हो! माझ्या आवाजातला उत्साह त्या अधिकाऱ्याला आवडला नसावा. त्यानं विचारलं, आत काय आहे? मी सांगितलं, रोल. तो म्हणाला, हे साहेब तर म्हणतायत मोजे. मी म्हटलं, तेही बरोबर.

मेजर भीमसेन बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. माणूस मोठा सभ्य. म्हणाले, "सर, वीस वर्षं नोकरी झाली. शिशाच्या पिशवीत मोजे घेऊन का फिरता, हे मला कुणी विचारलं नव्हतं." पिशवी त्यांनी आतच सोडून दिली होती. धक्का लागू नये म्हणून शाल्मलीनं एकेक रोल एकेका मोज्यात घालून, मोज्याला घट्ट गाठ मारली होती. काही मोजे पांढरे, कवायतीचे. काही हिरवे, कामावरचे. अशी ती मोज्यांची गाठोडी त्यांनी माझ्या ओंजळीत दिली आणि म्हणाले, "मी परत जाताना फोटो घेऊन जातो. विसरू नका सर. ती आजी मलाही फाटकात अडवून 'बंगलोर?' म्हणून विचारते. मी धारवाडचा आहे, हे तिला कोण समजावणार?"

आता मुख्य मुद्दा. त्या आठवड्यात आमच्या घरात भाषेचं युद्ध पेटलं होतं. आमचे पूर्वज कापड रंगवणारे. कितीतरी पिढ्यांपूर्वी चिकपेटेत आले आणि इथलेच झाले. एवढ्या वर्षांत आम्ही मराठी सोडली नाही, ही काय साधी गोष्ट आहे? आणि अद्वैत जेवताना म्हणतो, "काका, 'स्वल्प भात वाढ' असं मराठीत नसतं." मी म्हटलं, असं? आणि तू आता मावशीला 'आय विल जस्ट स्किप द आमटी' म्हणालास, ते ज्ञानोबांच्या काळचं का? भांडण वाढलं आणि पैज लागली. मी कानडी बोलायचं नाही, त्यानं इंग्रजी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी तो दोन वाक्यं बोलला आणि मी रिक्षावाल्याशी भाडं ठरवताना 'सरी', म्हणजे 'बरं', न म्हणता आल्यामुळं चालत घरी आलो.

जयनगरमध्ये रोलचं काम करणारी एक मुलगी मी शोधून ठेवली होती. धनलक्ष्मी. संगणकाची नोकरी सोडून घरामागच्या खोलीत तिनं हा उद्योग मांडलाय. चिकोडीची, त्यामुळं मराठी बोलते. तिनं सांगितलं, रविवारी दुपारी कुरिअरवाला पाठवते, त्याच्याकडं द्या. नेमकं रविवारी आम्हाला दोघांना चिकपेटेत लग्न होतं. तसं अद्वैत घरीच असणार होता. मी मोज्यांची ती गाठोडी एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातली, पिशवी दाराशी ठेवली आणि वर चिठ्ठी टाचली.

आता लक्ष देऊन ऐका. 'डेव्हलप' हा शब्द माझ्या पेनाच्या टोकावर आला होता. पण पैज! आणि शिवाय आपल्या भाषेत शब्द असताना उसना कशाला? तुम्ही-आम्ही काय म्हणायचो? रोल धुवायला टाकलाय. फोटो धुवून आले का? तेव्हा मी ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'धुवायचे आहेत. जपून. उष्णता लागू देऊ नये. उन्हात ठेवू नये.' लिहून झाल्यावर लांबून वाचून बघितलं. एक शब्द परका नाही. अद्वैतला जाताना सांगितलं, "ती पिशवी बघ रे," आणि मी ताठ मानेनं लग्नाला गेलो.

परत आलो तर वरच्या ग्यालरीत, सावलीत, दोरीवर हिरव्या मोज्यांची रांग. चिमट्यांसकट. प्रत्येक मोज्याच्या टाचेत एक टेंगूळ आणि टेंगळातून पाणी ठिबकतंय.

अद्वैत अंगणात उभा, चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचं हसू. "काका, चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणं सगळं केलं. गार पाणी, लोकरीच्या कपड्यांचं बटण, आणि सावलीत वाळत घातले. पांढरे वेगळे ठेवलेत. आई म्हणते, पांढरं आणि रंगीत एकत्र धुवायचं नाही. मशीन जरा टकटक टकटक करत होतं, पण मला वाटलं मशीन जुनं आहे."

मी पायरीवर बसलो.

"अरे, ते रोल होते रे! शाल्मलीचे रोल!"

"रोल?" त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. "रोल फ्रीजमध्ये असतात ना? तुम्हीच म्हणाला होतात. आणि... आणि काका, धुवायचे म्हणजे धुवायचेच ना?"

व्याकरणाच्या दृष्टीनं पोरगा निर्दोष होता. तेवढ्यात कुरिअरवाला आला. "पिकअप, सर," म्हणाला. मी त्याला हात जोडले.

हिनं शांतपणे एकच प्रश्न विचारला, "आजीचा रोल पांढऱ्यात होता की हिरव्यात?" गाठोड्यांना शाल्मलीनं दोऱ्यानं आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. पांढऱ्यांवरच्या वाचल्या. शाल्मलीनं कळवलेला आजीच्या रोलचा आकडा पांढऱ्यात नव्हता.

मला मोठ्यानं रडू आलं. लाज कसली सांगायला? नाईलच्या काठी एक म्हातारी माझ्या गावाचं नाव घेऊन फाटकाशी उभी होती आणि मी तिचा फोटो 'आता नव्या सुगंधासह' असलेल्या पावडरीत घोळवून काढला होता.

आरडाओरडा ऐकून मल्लाप्पा आले. सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून म्हणाले, "तांदूळ." का? तर त्यांच्या जावयाचा मोबाइल न्हाणीच्या बादलीत पडला होता, तो तांदळात ठेवल्यावर बोलायला लागला. बुडत्याला काडीचा आधार. आम्ही मोजे सोडले, रोल काढले आणि हिच्या सोना मसुरीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पुरले. अद्वैत डब्याला पाठ टेकून पहाऱ्यावर बसला. तो अधूनमधून "सॉरी" म्हणायचा आणि मग पैज आठवून "क्षमस्व" म्हणायचा.

त्याच वेळी शाल्मलीचा निरोप आला: "अप्पा, रोल धुवायला दिले का?" मी हरिश्चंद्राचा अवतार नाही, पण खोटंही बोललो नाही. मी लिहिलं, "धुऊन झाले." तिकडून टाळ्या, फुलं, नाचणाऱ्या बाहुल्या आल्या. आणि पाठोपाठ मेजर भीमसेनांचा फोन: सुट्टी आखडली, बुधवारी निघतोय, फोटो विमानतळावर द्या.

मग मी धनलक्ष्मीला फोन केला. झालेलं सगळं सांगितलं. पलीकडून आधी फुसफुस आणि मग पोरगी जी हसत सुटली! हसू आवरल्यावर एकदम ओरडली, "काय करून ठेवलायसा ओ काका! तांदळात? आधी बाहेर काढा! वाळला तर आतल्या आत चिकटून बसतो, मग देव आला तरी सुटायचा नाही. आत्ताच्या आत्ता परत पाण्यात घाला आणि तसाच पाण्यातनं घेऊन या. मी लॅब उघडते."

म्हणजे पाण्यातून तांदळात आणि तांदळातून पाण्यात. हिनं कडीचा स्टीलचा डबा काढला, ज्यातून आम्ही देवीच्या जत्रेला सांबार नेतो तो. त्यात पाणी, पाण्यात रोल, वर झाकण, झाकणावर फडकं. रविवारी संध्याकाळी रस्ते तुंबलेले, म्हणून मी आणि अद्वैत मार्केट स्टेशनवरून मेट्रोनं निघालो. आणि तिथं कोण आडवं आलं? तेच! क्ष-किरणांचं यंत्र!

"सर, डबा पट्ट्यावर ठेवा," पहारेकरी बाई म्हणाल्या.

"अशक्य!" मी डबा छातीशी धरला. "ह्याला किरण लागता कामा नयेत."

आता मला सांगा, स्टेशनावर डबा कवटाळून असं ओरडणाऱ्या माणसाला तुम्ही तरी सोडाल का? दोन शिपाई आले. मागची रांग चुळबुळायला लागली. बाईंनी झाकण उघडायला लावलं. आत गढूळ, फेसाळ पाणी; त्यात काळ्या काळ्या डब्या तरंगतायत आणि चार तांदूळ. "येनिदु?" हे काय आहे, म्हणून त्यांनी विचारलं. माझी जीभ पैजेत अडकलेली. कानडीतून समजावायची सोय नाही! मी शुद्ध मराठीत म्हणालो, "बाई, ही छायाचित्रं आहेत." त्या डब्यात बघत राहिल्या.

आणि मग अद्वैत पुढं झाला. सहा महिने बेंगळूरला राहून 'कन्नड गोत्तिल्ला', म्हणजे 'कानडी येत नाही', याखेरीज एक अक्षर न शिकलेला अद्वैत! हात जोडून म्हणाला, "अक्का, फोटो... अज्जी फोटो... नीरु... तप्पु नंदु... प्लीज अक्का!" आजीचा फोटो, पाणी, चूक माझी. डोळ्यांत पाणी. बाई विरघळल्या. डबा त्यांनी हातानं तपासला, नाकानं हुंगला आणि म्हणाल्या, "सरी, होगी." जा! मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "शाब्बास! पैज बोंबलत गेली!" मेट्रोत बसून आम्ही दोघं आपापल्या भाषेतल्या सगळ्या भेसळीसकट मनसोक्त बोललो.

धनलक्ष्मीनं डबा आत नेण्याआधी आमची उलटतपासणी घेतली. पावडर कुठली? मशीन पुढून उघडणारं की वरून? पिळलं किती वेळ? अद्वैत आरोपीसारखा उत्तरं देत होता. मग म्हणाली, "खोटं सांगत नाही काका. काही मिळंल, काही जाईल. आशा ठेवू नका आणि सोडूही नका." आणि तिच्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागला.

पांढऱ्या मोज्यातले रोल दुसऱ्या दिवशी पोचवले, ते स्वच्छ निघाले. नदी, गाई, माणसं. माझ्या मुलीनं एकाचंही डोकं उडवलं नव्हतं. हे ती कुणाकडून शिकली देव जाणे. हिरव्यांपैकी दोन रोल पार गेले. जांभळे ढग आणि पिवळे फुगे, बस्स. उरला आजीचा. धनलक्ष्मीनं मंगळवारी तो फोटो माझ्यासमोर ठेवला.

आजी होती! समोर बघत होती, ओठांत हसू दाबून, प्लास्टरचा हात शाळेतल्या मुलीसारखा वर केलेला. चेहरा स्वच्छ. पण तिच्या चारी बाजूंना, डोक्यावरून, खांद्यावरून, तिरक्या पांढऱ्या-निळ्या रेघाच रेघा आणि बारीक बारीक थेंब, वर आभाळ काळंनिळं झालेलं. साबणाची करामत. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी लाजेनं मेल्यासारखं झालं. हा असला डागाळलेला फोटो पाठवायचा? धनलक्ष्मी म्हणाली, "संगणकावर पुसून देऊ का डाग? कळणार नाही कुणाला." मी हो म्हणणार होतो. घरी फोन लावून हिला विचारलं.

ही म्हणाली, "अहो, बाई ओळखू येते ना? मग पुसापुशी कशाला? मुलाला आई ओळखायला डाग आड येत नाहीत. आहे तशी जाऊ द्या."

बुधवारी मेजर भीमसेनांच्या हातात साधं पुठ्ठ्याचं पाकीट दिलं. त्यांनी ते आधी दिव्यासमोर धरलं, मग वजन करून बघितलं आणि मगच घेतलं. मी शाल्मलीला खरं काय ते सगळं लिहून टाकलं. मोजे, मशीन, तांदूळ, मेट्रो, सगळं. उत्तर आलं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. मी जेवायला बसायचो आणि उठायचो. मल्लाप्पांनी सुद्धा सल्ला देणं थांबवलं, यावरून ओळखा.

आणि मग शाल्मलीचा आवाजातला निरोप आला. आम्ही चौघं फोनभोवती डोकी जुळवून बसलो.

"अप्पा! अहो अप्पा, ऐका! आजीला फोटो दिला. ती बराच वेळ बघत राहिली. मी म्हटलं आता रागावणार. तिनं त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि दुभाष्याला काहीतरी विचारलं, आणि तो बघतच राहिला. अप्पा, त्यांच्या भाषेत न्यानडेंग म्हणजे पावसाची लेक! पावसात जन्मली म्हणून ते नाव. मलाही माहीत नव्हतं. ती विचारतेय, बंगलोरच्या त्या माणसाला हे कसं कळलं? म्हणतेय, आता माझ्या मुलाला कुणी सांगायला नको, बघितल्याबरोबर ओळखेल. त्याला लहानपणी ती हीच गोष्ट सांगायची. आणि अप्पा, आता पंचाईत बघा. ज्यांचे फोटो स्वच्छ आले ते सगळे रुसलेत. म्हणतायत, आम्हाला पाऊस का नाही?"

मागून एक म्हातारा, चिरका, खणखणीत आवाज येत होता: "बंगलोर! बंगलोर!" आता त्यात प्रश्न नव्हता. हिनं डोळ्यांना पदर लावला. मल्लाप्पा म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, तांदूळ?" आणि मी? मी कपाटाच्या आरशात जाऊन स्वतःला एकदा नीट बघून आलो. सबंध बघितलं, डोक्यासकट.

गेल्या आठवड्यात दुसरी खेप आली. शाल्मलीची सक्त सूचना आहे, पाऊस हवाच. सगळे रोल हिरव्या मोज्यात आहेत. मी पिशवी दाराशी ठेवली, वर तीच जुनी चिठ्ठी टाचली आणि अद्वैतला हाक मारली. त्यानं चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि सावधपणे माझ्याकडं बघितलं.

"काका, धुवायचे म्हणजे नक्की कुठलं धुणं? माझं की धनलक्ष्मीचं?"

मी पावडरीचा डबा त्याच्या हातात दिला.

"आधी तुझं. मग तिचं."